कोऱ्या पाटीचा गोठा

आमच्या कुत्र्यांच्या गोठ्यावर पाटी होती. चांगली सहा फूट लांब, लाकडी चौकटीची, कडेने मालडब्याच्या तांबड्या रंगाची पट्टी मारलेली. पाटीवर अक्षर मात्र एकही नव्हतं. येणारा-जाणारा विचारायचा, रंगारी पळून गेला का. मी म्हणायचो, हो. खरं सांगायला बसलो तर अर्धा दिवस जायचा, आणि ऐकणारा शेवटी विचारायचाच, की मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?

आता ते लिहायला हरकत नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणजे दोघातिघांना विचारून घेतलं आहे. तरी गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शनचं एक गाव, एवढं पुरे. नावांनी त्या वर्षांत आमच्याकडे पुष्कळ काम केलेलं आहे, त्यांना जरा विश्रांती.

मी मूळचा मालवणकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सुटली म्हटलं की थोडा दोष शाळेकडेही जातो. बरीच वर्षं मासळीच्या गाडीवर, खानावळीत, इकडे तिकडे काढली. मग आमच्या वाडीतल्या एका रेल्वेतल्या माणसाने मला इथे चिकटवलं, रनिंग रूममध्ये, स्वयंपाक्याच्या हाताखाली. आईला पत्र लिहिलं, रेल्वेत लागलो. रेल्वे होतीच, खिडकीतून दिसायची. मी मात्र रोजावर होतो. कधीही निघ म्हणतील म्हणून माझी पत्र्याची पेटी मी पहिली दोन वर्षं नीट उपसलीच नाही, वरवरचा शर्ट काढायचो, वरवरचा ठेवायचो. अजूनही कुणी मोठ्याने हाक मारली की मला आधी पेटी आठवते.

रनिंग रूम म्हणजे मालगाडीचे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड ड्यूटी संपवून यायचे आणि परतीची गाडी मिळेपर्यंत पाठ टेकायचे, ती जागा. येताना ज्याचा त्याचा शिधा ज्याच्या त्याच्या डब्यात. आम्ही ज्याचं त्याचं वेगळं शिजवायचं. दहा माणसं, दहा पातेली, दहा फोडण्या. एकाचं वरण दुसऱ्याच्या वरणात गेलं तर गाडी रुळावरून घसरल्यासारखा गहजब व्हायचा. कुणाला कांदा चालायचा नाही, कुणाचा गुरुवार, कुणाला कुणाच्या पातेल्याशेजारी आपलं पातेलं नको. असं तोंडाने कुणी बोलायचं नाही, पातेल्याच्या कानाला आपला दोरा तेवढा बांधून द्यायचा. मी सगळ्यांचे दोरे ओळखायचो. माझं शिक्षण खरं तिथे झालं.

जेवणं उरकली की उरलंसुरलं सगळं, दोरे सोडून, एका बादलीत. पंजाबी ड्रायव्हरची रोटी, नांदेडच्या फायरमनचं पिठलं, आंध्रातल्या गार्डाचा आंबट भात. त्या बादलीत जेवढी एकी मी पाहिली तेवढी पुढे कुठल्या सभेत पाहिली नाही.

बादलीची पाहुणी अर्थातच कुत्री. धष्टपुष्ट होती त्यांना गावात कुणी ना कुणी ठेवून घ्यायचं, शेतावर नाहीतर मोंढ्यात धान्याच्या राखणीला. आमच्याकडे उरायची ती कुणालाच नको असलेली. एक खरजेने सगळे केस गेलेलं, सोललेल्या कोंबडीसारखं दिसणारं. एक बहिरं, ते नेमकं रुळांच्या मधोमध झोपायचं. एक काळं, अंगापिंडाने उत्तम, पण डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके म्हणून चार डोळ्यांचं, म्हणून अपशकुनी. एक तर साहेबाचं कुत्रं होतं. साहेबाची बदली झाली, कुत्र्याची झाली नाही. ते भाकरीकडे असं बघायचं, जणू आपण चुकून दुसऱ्याच्या डब्यातलं वाढलं आहे.

आणि ती. करड्या रंगाची, एक कान अर्धा, मागचा एक पाय शंटिंगमध्ये डब्याखाली गेलेला. डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. त्यामुळे डावीकडून कुणी जवळ गेलं की ती आधी चावायची आणि मग बघायची. उजवीकडून गेलं तर हात चाटायची. इतकं साधं होतं, पण जगातली निम्मी माणसं डावीकडूनच येतात. मी इथे आलो त्या दिवशी स्टेशनाबाहेर पेटीवर बसलो होतो, कुठे जायचं कळत नव्हतं, तेव्हा ती माझ्या उजव्या अंगाला येऊन बसली होती. बाकी त्या दिवशी माझ्याशेजारी कुणी बसलं नव्हतं. हे मी विसरू शकत नाही, त्याला मी काय करणार.

एका सकाळी एक नवा फायरमन तिच्या डाव्या बाजूने पाणी प्यायला गेला. पोटरीला चार दात. दवाखाना, इंजेक्शनं, लेखी तक्रार. आमच्या रनिंग रूमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, म्हणून मला त्यांचे आभारच वाटले. एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत एकतर कुत्री जातील, नाहीतर तू."

कुत्री जाणं म्हणजे पालिकेची गाडी. ट्रॅक्टरला ट्रॉली, ट्रॉलीत मुकादम आणि दोन माणसं, हातात जिलबीचा खोका. जिलबीत काय असायचं ते सांगत नाही. मोंढ्यात मी एकदा पाहिलं होतं. वाटणारा माणूस हसतमुख होता आणि प्रत्येकाला चुचकारून देत होता. त्या गावात त्या कुत्र्यांशी इतकं गोड मी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं.

मी पेटी आवरायला घेतली. आवरायचं काही नव्हतंच, ती भरलेलीच होती.

गार्डसाहेब रोज सकाळी दहाला आमच्याकडे चहाला यायचे. रिटायर झाले होते, पण घड्याळ झालं नव्हतं. चहाच्या घोटागणिक कुठली गाडी किती लेट ते सांगायचे. जवळच्याच खेड्यातले, बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराची गडबड पहिल्यांदा पेटली तेव्हा गावाकडचं त्यांचं घर जळालं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही असं, की त्या दिवशी आपली अमुक पॅसेंजर रद्द झाली होती. पुढे मी विचारलं नाही. त्यांनी माझी पेटी पाहिली, दाराशी बसलेली ती पाहिली, आणि चहा संपवून म्हणाले, "रुळापलीकडं पाटलीणबाईचा गोठा रिकामा हाय. चल, इचारू."

पाटलीणकाकूंची जमीन रुळांपलीकडे, नदीच्या अंगाला. ट्रॅक्टर घेतला, बैल गेले, गोठा राहिला. काकूंचे मालक जाऊन पुष्कळ दिवस झाले होते आणि शेती त्याच बघायच्या. गुरुवार करायच्या आणि बाकीचे सहा दिवस गड्यांना बोलून बोलून हैराण करायच्या. आम्ही दोघं अंगणात उभे. गार्डसाहेबांनी मागणी मांडली. ती इतक्या अदबीने मांडली की मला वाटलं आपण मुलीचा हात मागायला आलो आहोत.

"गार्डसाहेब," काकू म्हणाल्या, "तुमी गोठा मागायलात, का गोठ्यात कुत्री बांधायला मागायलात?"

"दोन्ही एकच हाय, बाई."

"एक कसं व्हईल? गोठा दिला तर तुमचा झाला. कुत्री बांधली तर गोठा माझाच, वास तेवढा तुमचा." मग माझ्याकडे वळल्या. "आन् ह्यो कोण?"

गार्डसाहेबांनी सांगितलं, कोकणातला आहे, रनिंग रूमला स्वयंपाक करतो.

"कुत्री राखायला कोकणातून इतक्या लांब आलास व्हय रे? तिकडं मिळत न्हाईत?"

मी म्हटलं, मिळतात काकू, पण तिकडच्यांना घरं आहेत. काकूंनी गोठ्याकडे हात केला. "घे," म्हणाल्या. "पण गुरुवारी एक भाकरी माझी. दत्ताच्या पायाशी चार हायेत, इथं किती का असंनात."

रविवारी आम्ही कुत्री हलवली. मी पुढे बादली घेऊन, मागे ती सगळी. फाटकवाल्याने आमच्यासाठी फाटक पाडून ठेवलं. कुठलीही गाडी यायची नव्हती, पण एवढी मिरवणूक बघून त्याचा हात आपोआप चाकाकडे गेला असं तो म्हणाला. ती माझ्याच काखेतल्या भाजीच्या टोपलीत, उजवी बाजू माझ्याकडे करून.

गोठा उभा करायला तीन महिने लागले. रुळांखालचे टाकून दिलेले लाकडी स्लीपर मागून आणले, त्यांच्या आडव्या फळ्या करून भांडणाऱ्यांसाठी खण पाडले. इंजिनाची राख पसरून जमीन कोरडी केली. पाण्याला फुटका सिमेंटचा पाइप अर्धा चिरून. खरजेसाठी परभणीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी करंजीचं तेल आणि गंधक सांगितलं होतं. त्या वासाने काकूंच्या शेतावरचे गडी दोन दिवस कामाला आले नाहीत, आणि सोललेल्या कोंबडीला मात्र महिन्यात लव फुटली. भांड्यांना मी रनिंग रूमसारखे दोरे बांधले. पिवळा दोरा म्हणजे औषध घालायचं, लाल म्हणजे दात नाहीत, भिजवून द्यायचं. जातीवर दोरे बांधायला शिकलेला माणूस दुखण्यावरही बांधू शकतो, थोडी सवय लागते.

तिच्यासाठी गार्डसाहेबांनी घरून त्यांची हिरवी झेंडी आणली. आधी उजवीकडे जाऊन झेंडी दाखवायची, तिने मान वळवली की मग पुढे व्हायचं. नियम सगळ्यांना लागू. काकूसुद्धा भाकरी घेऊन आल्या की आधी झेंडी मागायच्या. बहिऱ्यालाही पुढे झेंडी कळायला लागली. तिथे गेल्यापासून ती कुणालाही चावली नाही. इतकी वर्षं ती फक्त सिग्नल मागत होती, असं गार्डसाहेबांचं मत पडलं.

मग पालिकेचे स्वच्छता निरीक्षक आले. सभ्य माणूस, नाकाला रुमाल. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की बेवारस कुत्रं बेवारसच, ते रस्त्यात असो की गोठ्यात. संस्थेचं असेल तर गोष्ट वेगळी. संस्था म्हणजे नाव पाहिजे, अर्ज पाहिजे, बाहेर ठळक पाटी पाहिजे. "पोळा झाला की आमची फेरी सुरू व्हती," ते म्हणाले. "तवर पाटी लावा. मग माझी गाडी इकडं वळणार न्हाई." मी त्यांचेही आभार मानले.

पोळ्याला सव्वा महिना होता. एक नाव ठेवायचं, त्याला कितीसा वेळ लागतो? बारशाला तर पाळणा हलायच्या आत होतं.

गोठ्यात पालथ्या घमेल्यांवर बसून आमची पहिली बैठक झाली. काकू म्हणाल्या, दत्ताचं नाव द्या, कुत्र्यांचा देव दुसरा कोण आहे? गार्डसाहेबांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि म्हणाले, चांगलं हाय. थोड्या वेळाने गार्डसाहेब म्हणाले, नुसतं करुणा म्हटलं तर? काकू म्हणाल्या, लय चांगलं हाय. तोवर मला तिकडची भाषा पुरती कळायला लागली होती. नाही म्हणायचं असलं की चांगलं म्हणतात, आणि अजिबात नाही म्हणायचं असलं की लय चांगलं.

दुसऱ्या बैठकीत काकूंच्या मालकांचं नाव निघालं. लय चांगलं. मी भीतभीत म्हटलं, नुसतं कुत्र्यांचं घर असं लिहू. ते दोघांनाही पटलं नाही. काकू म्हणाल्या, मग लोक म्हणतील, खरं नाव लपवायलेत. तिसऱ्या बैठकीत पाटीच्या कडेची पट्टी निघाली. निळी म्हटली की एक अर्थ, भगवी म्हटली की दुसरा, हिरवी म्हटली की तिसराच. मी मालडब्याचा उरलेला तांबडा रंग आणला. त्या रंगाचा मोर्चा अजून कुणी काढलेला नव्हता. तीन बैठकांत एवढा एकच ठराव झाला.

हसू येतं, पण ते दिवस हसण्याचे नव्हते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावर माणसं मेली होती, घरं जळाली होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यांचा रामराम बंद झाला होता. चौकाच्या पाटीला कुणी डांबर फासायचं, कुठे कुणी चुना. पाटी पुसली गेली की तासाभरात पोलिसांची गाडी, मग तंबू, मग आठ दिवस बाजार बंद. गार्डसाहेबांचं घर जळालं होतं आणि काकूंच्या भावकीतली काही माणसं तेव्हा कुठे होती हे काकूंना ठाऊक होतं, असं मला वाटतं. दोघंही एकमेकांशी इतकी जपून बोलायची की मला घाम फुटायचा. भांडली असती तर मी मध्ये पडलो असतो.

पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी चौथी बैठक. त्या दिवशी गार्डसाहेबांनी चहाला हात लावला नाही.

"बाई," ते म्हणाले, "दत्त वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. पण माझ्या वस्तीतला माणूस ती पाटी वाचून एखादं लंगडं कुत्रं घेऊन आत यील का, तेवढं मला सांगा."

काकूंनी पदर सारखा केला. "आन् करुणा वाचून माझी भावकी आत यील का, ते तुमी सांगा."

"न्हाई येणार."

"तुमचं बी न्हाई येणार."

मग दोघांनी चहा घेतला. गार झाला होता. त्या बैठकीनंतर दोघंही मला बरीच मोकळी वाटली, आणि पाटी कोरीच राहिली.

माझा जीव टांगणीला. रंगाऱ्याने पाटी पांढरी करून, पट्टी मारून दिली होती आणि तो नावाची वाट बघत होता. अजिबात पाटी नसण्यापेक्षा निदान पाटी असलेली बरी, असं म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती तशीच टांगली. मधे पांढरा रंग जरा विरळ पडला होता. तिथे मी हाताने चुन्याचा एक जाड थर मारला. मी आयुष्यात केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती करताना माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की जरा बरं दिसावं.

दोन दिवसांनी सकाळी ट्रॅक्टर आला. रनिंग रूमची बादली घेऊन मी नुकताच गोठ्यावर पोचलो होतो. मुकादम उतरला, मागून दोघं, एकाच्या हातात खोका. आतून सगळी भुंकायला लागली आणि ती सगळ्यांच्या पुढे, तीन पायांवर, फळीला नाक लावून. खोका तिच्या डाव्या, न दिसणाऱ्या अंगाला होता. मी बादली खाली ठेवली. दाराच्या आडवं उभं राहायचं, एवढंच मला सुचलं.

मुकादम दाराकडे आला आणि त्याची नजर वर गेली. तो थांबला. लांबलचक पाटी, नवीकोरी, ठसठशीत पट्टी, आणि मधोमध ओबडधोबड चुना.

"ह्याच्यावर काय व्हतं?" त्याने विचारलं.

"काहीच नव्हतं."

"पुसलं कुणी?"

"कुणीच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा असेल ते मला माहीत आहे. मी घाबरलो होतो जिलबीला. त्याला वाटलं, हा सांगायला घाबरतोय. तो दोन पावलं मागे सरला, खालच्या आवाजात माणसांना म्हणाला, "गाडी फिरवा. इथल्या काडीला हात लावायचा न्हाई. आपल्यावर यील." खोका घेतलेला माणूस तर पायातल्या चपला तिथेच टाकून ट्रॉलीत चढला. चपला नंतर साहेबाच्या कुत्र्याने खाल्ल्या. भाकरी त्याला चालत नसे.

तासाभरात जीप. फौजदारांनी पाटीला बोट लावून पाहिलं, चुना ओला होता का कोण जाणे, बोट पांढरं झालं. गार्डसाहेबांना बोलावणं, काकूंना बोलावणं. कुठलं नाव होतं? दोघांनी सांगितलं, नव्हतंच. वेगवेगळं विचारलं तरी दोघांचं उत्तर एक आलं, त्यामुळे फौजदारांची खात्रीच पटली की प्रकरण खोल आहे.

गोठ्यावर एक पोलीस बसला. गंगाखेडकडचा, पोट सुटलेला, कुत्र्यांना भयंकर भिणारा. तो येता येताच मला म्हणाला, माझी ड्यूटी पाटीवर आहे, कुत्र्यांवर नाही. आणि तिच्याकडे बोट करून, "ही चावती का?" मी म्हटलं, उजवीकडून नाही. झेंडीचा नियम सांगितला. त्याने तो लिहून घेतला.

मोंढ्यात तोवर दोन बातम्या झाल्या. एक, की यांचं नाव त्यांनी पुसलं. दुसरी, की त्यांचं नाव यांनी पुसलं. दोन्हीकडची माणसं दोन दिवसांनी निषेधाला आली, सुदैवाने एक सकाळी, एक दुपारी. पाटीखाली उभी राहिली, आत पाहिलं. आत खरजेचं, बहिरं, चार डोळ्यांचं. कशाचा निषेध करायचा ते कुणाला नीट सापडेना. सकाळच्या एकाने विचारलं, राखणीला एखादं चांगलं पिल्लू आहे का. दुपारच्या एकानेही तेच विचारलं. दोघांनाही मी सांगितलं, चांगलं असं आमच्याकडे काही नाही.

पोलीस तीन आठवडे बसला. पहिला आठवडा स्टुलावर पाय वर घेऊन. दुसऱ्या आठवड्यात पाय खाली आले. तिसऱ्यात ती त्याच्या स्टुलाखाली झोपायला लागली, उजव्या अंगाला. स्वतःच्या डब्यातली पोळी तो तिला आधी द्यायचा आणि म्हणायचा, हिचं इमान बघा, नाहीतर आमचे साहेब.

शेवटी फौजदारांनी कागद केला. गार्डसाहेबांची सही, काकूंची सही, खाली शिक्का. मजकूर मला अजून पाठ आहे. सदर पाटीवर उभयपक्षी संमती होईपर्यंत कोणतेही नाव लिहिण्यात येऊ नये, आणि तोपर्यंत सदर जागा व तेथील जनावरे जैसे थे ठेवण्यात यावीत.

तेथील जनावरे जैसे थे. कागद घेऊन मी धावत स्वच्छता निरीक्षकांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला, रुमाल खिशात ठेवला. "आता माझं काय चालत न्हाई," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही बरं वाटलं असावं. पुढे वर्षभराने त्यांनीच एक आंधळं पिल्लू पिशवीतून आणून दिलं, कुणाला सांगू नका म्हणाले.

अशी आमची कुत्री कायदेशीर झाली. संस्था म्हणून नव्हे, वाद म्हणून. संस्था काय, चार वर्षांत बुडतात. वाद टिकतो. मात्र तो टिकवावा लागतो. संमती झाली की कागद संपला, कागद संपला की जिलबी. त्यामुळे दर गुरुवारी भाकरी देऊन झाली की काकू विचारायच्या, काय गार्डसाहेब, मग दत्त? गार्डसाहेब म्हणायचे, करुणा, बाई. काकू म्हणायच्या, लय चांगलं हाय. मग चहा. सात वर्षांत हा गुरुवार चुकला नाही. एकदा गार्डसाहेब तापाने पडले, तर काकूंनी गड्याला त्यांच्या घरी पाठवून विचारून घेतलं, की अजून करुणाच ना? काकूंच्या घरचा माणूस गार्डसाहेबांच्या वस्तीत गेला, असं त्या गावात बऱ्याच वर्षांनी घडलं होतं म्हणतात. मी विचारलं नाही. आईला पत्रात फक्त एवढं लिहिलं, की पेटी उपसली आणि खाली पेपर घातला.

कुत्री वाढली. लंगडी, म्हातारी, पालिकेच्या गाडीतून उडी मारलेली. दोन्ही वस्त्यांतून येऊ लागली, कारण पाटीवर काही नव्हतं. वाचण्यासारखंच काही नसल्यावर अडायचं कशाला?

मग चौऱ्याण्णव साली संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. आठ-पंधरा दिवस गावाने श्वास धरून काढले, चौकाचौकांत पोलीस. आमचा गंगाखेडवालाही त्यात होता, मला बघून त्याने तिची चौकशी केली. सगळं निवल्यावर एका गुरुवारी काकू तिळाचे लाडू घेऊन आल्या आणि घमेल्यावर बसता बसताच म्हणाल्या, "गार्डसाहेब, आता लिवून टाका. तुमचं करुणा लिवा."

मला जिलबीचा खोका आठवला.

गार्डसाहेबांनी लाडू हातात धरला. "न्हाई बाई. तुमचा गोठा हाय. दत्ताचं लिवा."

"मी म्हणायलेय ना करुणा."

"आन् मी म्हणतोय दत्त."

सात वर्षांत पहिल्यांदाच दोघांचे आवाज चढले. काकू म्हणाल्या, तुम्ही हट्टी आहात. गार्डसाहेब म्हणाले, तुम्ही आयुष्यभर कुणाचं ऐकलं आहे का. अर्धा तास चाललं. ती राखेत उन्हाला पडली होती, एकदा मान उचलून बघितलं आणि पुन्हा टेकली. उभयपक्षी संमती काही झाली नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि उरलेले लाडू तिघांत सारखे वाटले.

त्याच महिन्याच्या शेवटी ती गेली. दुपारच्या उन्हात, त्याच राखेवर, झोपेत. मी उजवीकडून झेंडी दाखवली, तिने मान वळवली नाही. पुन्हा दाखवली. मग खाली बसलो. गाडीखाली मेलेली कुत्री मी पाहिली होती, जिलबीने मेलेली पाहिली होती. म्हातारपणाने मेलेलं गावातलं कुत्रं मी तोवर पाहिलंच नव्हतं. पायावर पाय टाकून, माणसासारखं.

पाटीखालीच खड्डा केला. गार्डसाहेब आले, काकू आल्या. कुणी काही म्हणेल असं मला वाटलं, दत्ताचं किंवा बुद्धाचं, पण दोघंही दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबली आणि ते राहूनच गेलं. शेवटी काकूंनी पायाने माती लोटता लोटता मला विचारलं, "कोकण्या, हिचं नाव काय व्हतं रे?"

मी गार्डसाहेबांकडे पाहिलं.

"नव्हतं, काकू."

गार्डसाहेबांनी माझ्या हातातली झेंडी घेतली, नीट गुंडाळली आणि काखेत धरली. "म्हणून तर ऱ्हायली इतकी वर्सं," ते म्हणाले. मग घड्याळात बघून सांगितलं, की परळीची गाडी आज बी लेटच हाय.